अमरावती पुढे निघाली, अकोला मागे का राहिलं?

मोर्णाकाठचा

16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं प्रवासी विमान उतरलं. अमरावतीकरांचं मनापासून अभिनंदन. पण अकोलेकर म्हणून त्या दिवशी वाईट वाटलं ते वाटलंच. आमचं शिवणीचं विमानतळ 1943 चं. धावपट्टी तोकडी, ती वाढवायला आधी कृषी विद्यापीठाची जमीन हवी, मग पलीकडची खासगी जमीन हवी, आणि या घोळात एक पिढी म्हातारी झाली.

आपल्याकडे काय नव्हतं? मुंबई-हावडा मुख्य लाइन अकोल्यातून जाते, अमरावती तर बडनेऱ्याहून फाटा काढून जोडलेली. जयपूर-खंडवा-हैदराबाद ही मीटरगेज याच जंक्शनवरून जायची. कापूस, सरकी, तूर यांचा वऱ्हाडातला मोठा बाजार इथे. सावतराम कापड मिल होती, जिनिंग होतं, तेलघाण्या होत्या. 1969 ला कृषी विद्यापीठ इथे आलं. तरी 2001 ते 2011 या दहा वर्षांत अकोला शहर चार लाखांवरून जेमतेम सव्वाचार लाखांवर गेलं, आणि अमरावती साडेपाच लाखांवरून साडेसहा लाखांच्या जवळ पोचली.

माझं मत स्पष्ट सांगतो. अकोल्यातल्या पैसेवाल्याला शहराची गरजच वाटली नाही. नळ येत नाही, तर घरात बोअर मारलं. लाइट जाते, तर इन्व्हर्टर आणला. मुलाच्या शाळेचं बरोबर नाही, तर मुलाला पुण्याला ठेवलं. शहरासाठी मुंबईत जाऊन ठाण मांडायचं, हे एकट्याचं काम नसतं आणि आपण सगळे एकटेच राहिलो.

वऱ्हाडी_हिशोब

भाऊ, तळमळ समजते, पण दोष चुकीच्या माणसावर ठेवताय. नागपूर विभागातून अमरावती विभाग वेगळा झाला 1981 ला. तिथेच निकाल लागला. विभागीय आयुक्त अमरावतीत, म्हणून प्रत्येक खात्याचं विभागीय कार्यालय अमरावतीत. 1983 ला विद्यापीठही तिथेच आलं, महानगरपालिकाही त्याच वर्षी. अकोल्याला महापालिका कधी मिळाली? 2001 ला. मधली 18 वर्षं नगरपालिकेच्या बजेटवर काढली.

साहेब लोकांची बदली होऊन येते, भाड्याने राहतात, मग प्लॉट घेतात, पोरं तिथल्याच कॉलेजात घालतात. पाच जिल्ह्यांतला माणूस पेन्शनच्या कागदासाठी, अपिलासाठी, विद्यापीठाच्या मार्कशीटसाठी अमरावतीला जातो. चहा तिथे पितो, खरेदी तिथे करतो. यात अकोल्याच्या व्यापाऱ्याने काय पाप केलं?

आणि लोकसंख्येचे आकडे नीट बघा. अमरावतीच्या आकड्यात बडनेरा धरलेलं आहे. अकोल्याची वाढ मात्र मलकापूर, उमरी, गुडधी, खडकी इकडे झाली, आणि 2011 ला ही सगळी गावं हद्दीबाहेर होती, म्हणजे कागदावर खेडी. हद्दवाढ झाली 2016 ला. अमरावती पुढे आहे हे मान्य, पण अंतर दिसतं तेवढं नाही.

मोर्णाकाठचा

हद्दीचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण तोच मुद्दा माझ्या बाजूनेही बोलतो. इतकी वर्षं लाखभर लोक नाल्या-रस्त्यांविना हद्दीबाहेर राहिले आणि शहराने त्यासाठी आवाज उठवला नाही. 1998 ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कारंजा, मालेगाव, मंगरूळपीर हे तालुके गेले. जिल्हा लहान झाला तर प्रशासन सोपं जातं, ते ठीक. पण समृद्धी महामार्ग नेमका त्याच पट्ट्यातून गेला. आज नकाशात समृद्धीच्या दहा जिल्ह्यांत अकोला नाही. त्या आखणीच्या वेळी अकोल्यातून किती जण बोलले?

खारपाण

तुम्ही दोघंही पाण्याबद्दल बोलत नाही, याचं नवल वाटतं.

अमरावतीला सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आहे, 564 दलघमीचं (दशलक्ष घनमीटर). अकोल्याला महानचं काटेपूर्णा, 86 दलघमी. त्यातूनच शहर, त्यातूनच एमआयडीसी, त्यातूनच शेती. पाऊस एक वर्ष रुसला की आधी शेतीचं पाणी तुटतं, मग कारखान्यांचं, मग नळ आठवड्यावर जातो. 2017-18 चा उन्हाळा आठवा.

बोअर मारा म्हणाल, तर शहराच्या उत्तरेला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा सुरू होतो. माझं माहेर तिकडचं. हापशाचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ त्या पाण्यात शिजत नाही. आमच्या आईने आयुष्यभर पिण्याचा हंडा वेगळा आणि वापरायचा वेगळा ठेवला. पिकाला ते पाणी दिलं तर जमीन चिबडते, म्हणून विहीर असूनही शेती कोरडवाहूच. शेतकऱ्याच्या हातात एकाच हंगामाचा पैसा येतो, आणि त्याच पैशावर अकोल्याची बाजारपेठ उभी आहे. पाणी लागणारा मोठा कारखाना इथे कोण कशाला टाकेल? आयुक्तालय अकोल्यात असतं तरी हे पाणी गोड झालं नसतं.

अंबानगरीकर

अमरावतीहून लिहितो. आमच्याबद्दल जरा जास्तच मोठं चित्र रंगवताय.

शिक्षणाचं म्हणाल तर ते सरकारी कृपेने आलेलं नाही. विदर्भ महाविद्यालय 1923 चं, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था स्वातंत्र्यापूर्वीची, शासकीय अभियांत्रिकी 1964 चं. विभाग झाला तेव्हा शहर आधीच शिक्षणाचं होतं. म्हणून हिशोबभाऊंचं 1981 वालं म्हणणं अर्धंच खरं.

पण हे शिकलेले पोरं राहतात कुठे? हिंजवडीत. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाचे कारखाने आले, 1350 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आला, पीएम मित्र या कापड उद्योगाच्या पार्कचं भूमिपूजन 2024 ला झालं. तरी संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्स जिथून सुटतात तिथे उभं राहून बघा, दिवाळी संपली की बॅगा घेतलेल्या पोरांची रांग लागते. अचलपूरची फिनले मिल बंद पडली ती आमच्याच जिल्ह्यातली. अकोल्यात निदान माल येतो-जातो, पैसा फिरतो. आमच्याकडे पगाराची तारीख आणि पेन्शन यावर बाजार चालतो. अकोल्यात 2002 पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे, आम्हाला ते परवापरवा मिळालं.

मिलवाला

व्यापाऱ्यावर ठपका आला म्हणून लिहितो. आमची दाल मिल आहे.

तूर आली की आधी चाळायची, मग रोलवर साल खरवडायची, तेल-पाण्याचा हात लावून उन्हात पसरायची, पुन्हा रोलवर घ्यायची, तेव्हा कुठे डाळ सुटते. चुनी आणि फोलपट ढोरांच्या खुराकाला जातं, त्याचे चार पैसे आले तर आले. मार्जिन किलोमागे मोजावं लागतं. त्यात म्यानमार आणि आफ्रिकेची तूर बंदरावर उतरायला लागल्यापासून बंदराजवळच्या मिलवाल्याचं भाडं वाचतं, आमचं वाढतं. या धंद्यात इंजिनिअर लागत नाही. हमाल लागतात, एक मिस्त्री, एक मुनीम लागतो. म्हणून आमच्या धंद्यातून पगारदार कॉलन्या उभ्या राहिल्या नाहीत, हे मी कबूल करतो. पण शहराची फिकीर नव्हती म्हणणं अन्याय आहे. मोर्णा नदी साफ करायला 2018 ला हेच शहर गाळात उतरलं होतं, देशाने ते ऐकलं.

मोर्णाकाठचा

उतरलं होतं, मीही होतो. जलकुंभी हाताने ओढून काढली, तो उत्साह मी विसरणार नाही. पण सांडपाणी नदीत येणं थांबलं का? पुढच्या उन्हाळ्यात जलकुंभी परत आली. म्हणून म्हणतो, आपण एक दिवस जमतो आणि पुढची पाच वर्षं पाठपुरावा करत नाही. मिलवाले दादा, तुमच्या संघटनेने दरमहा एक माणूस फक्त विमानतळाच्या आणि मलनिस्सारणाच्या फाइलमागे लावला असता तर?

मूर्तिजापूरहून

आम्ही दोघांच्या मध्ये. आमच्या इकडून अकोला-अमरावती रस्त्याचा विक्रम झाला, जून 2022 ला, 75 किलोमीटर डांबरीकरण पाच दिवसांच्या आत. त्याआधी वर्षानुवर्षं त्याच रस्त्यात लोकांच्या कंबरा मोडल्या. आता दोन्ही शहरं सारखीच जवळ झाली.

पेशंट असला की आमच्या गावचे लोक आजही अकोल्याला नेतात. नीटच्या क्लासलाही पोरं अकोल्यालाच. कागदाचं काम असलं की अमरावती. म्हणजे जे खासगी हाताने उभं राहतं त्यात अकोला पुढे, जे सरकारला द्यावं लागतं त्यात मागे. म्हणून मला मोर्णाकाठभाऊंचं जास्त पटतं.

वऱ्हाडी_हिशोब

"सरकारला द्यावं लागतं त्यात मागे" हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय, बाप्पा! न मागणारा दोषी की न देणारा?

खंडव्याची लाइन घ्या. 1 जानेवारी 2017 ला गेज बदलासाठी मीटरगेज बंद केली. अकोटपर्यंत ब्रॉडगेज होऊन 2022 ला गाडी सुरू झाली. पुढे मेळघाट व्याघ्र प्रकल्प. वाघाच्या जंगलातून रूळ नकोत, हे मला शंभर टक्के पटतं. हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून वळवलेला मार्ग ठरला तो चांगलाच आहे, सोनाळा, जामोदला पहिल्यांदा रेल्वे मिळेल. पण तो होईपर्यंत इंदूर-हैदराबाद हा उत्तर-दक्षिण सरळ मार्ग अकोल्यावरून पूर्ण होत नाही. अमरावतीने केव्हाही मागितली तरी तिला ही लाइन मिळू शकत नाही, ती अकोल्याचीच. विमानतळापेक्षा हिच्यासाठी भांडा.

खारपाण

लाइन झाली तर मलाही आनंदच आहे, माहेर जवळ येईल. पण रेल्वेने आलेल्या कारखानदाराला तुम्ही पाणी कुठून देणार, याचं उत्तर या धाग्यात अजून कुणी दिलेलं नाही.

मोर्णाकाठचा

ताई, रास्त प्रश्न. शहराचं सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना द्यायचं, म्हणजे काटेपूर्णेवरचा भार हलका होईल आणि मोर्णाही वाचेल. पारसचं औष्णिक केंद्र बाळापूर तालुक्यातच आहे, त्याला थंड करायला गोडं पाणी लागतंच असं नाही. मिलवाले दादा, एमआयडीसीतल्या कारखानदारांनी हे पाणी विकत घ्यायची तयारी लेखी दिली तर मागणी करायला काहीतरी हातात राहील. देता का?

मिलवाला

मला डाळीला चालणार नाही, पण तेल गिरण्या आणि तेल रिफायनरीवाल्यांच्या कूलिंगला चालेल. दोघा-तिघांशी बोलतो. दर काय, ते आधी विचारतील.