तेंदूचा सौदा: मागच्या वर्षी पैसे अडकले आणि जंगलही जळालं. यंदा काय करावं?

कोरचीची लेक

जय सेवा. मी गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातली. आमच्या ग्रामसभेचं दप्तर तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. गाव ६२ घरांचं. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळाला तेव्हा मी शाळेत होते, आता ठराव मीच लिहिते. येत्या रविवारी तेंदूचा सौदा ठरायचा आहे. त्याआधी जाणत्यांना विचारावं म्हणून लिहितेय.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. मे महिन्यात दहा-बारा दिवस अख्खं गाव तेंदूच्या, म्हणजे विडीच्या, पानावर असतं. आई पहाटे चारला कपाळाला बॅटरी बांधून निघते, ऊन चढायच्या आत भारा घेऊन परत येते. मग दुपारभर घरातले सगळे ओसरीत बसून पुडे बांधतो. ७० पानांचा एक पुडा. पान पानावर बसवायचं, देठ एका बाजूला, वाकाने आवळायचं. बोटं काळी होतात, ती पुढे कितीतरी दिवस तशीच राहतात. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पान खरेदीच्या जागी, पुडे मोजून द्यायचे. आमच्या घराचे दिवसाला दोनशे-सव्वादोनशे होतात. हा पैसा हातात येतो तो नेमका पेरणीच्या तोंडावर. बियाणं, भावाची फी, दुकानाची उधारी, सगळं त्यातूनच. त्यामुळे "तेंदू सोडा" असं कुणी सहज म्हणाला की मला राग येतो.

आता अडचण. दरवर्षी आम्ही महाग्रामसभेबरोबर, म्हणजे आसपासच्या ग्रामसभांच्या संघाबरोबर, एकत्र लिलावात जातो. मागच्या वर्षी एक कंत्राटदार थेट गावात आला, शेकड्यामागे जास्त भाव बोलला, आणि आम्ही वेगळं जाऊन सौदा केला. मजुरी मिळाली. रॉयल्टीचे, म्हणजे मजुरीशिवाय ग्रामसभेला मिळणाऱ्या रकमेचे, दोन हप्ते आले. तिसरा, २ लाख १० हजारांचा, आजवर आलेला नाही. फोन उचलत नाही. करारावर त्याची सही आहे, पण माल तर जुलैतच गेला.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. मार्चमध्ये बेलकटाई, म्हणजे नवी पालवी फुटावी म्हणून तेंदूची झुडपं छाटणं, नीट झालीच नाही. कंत्राटदाराच्या मुंशीने चार पोरांना पैसे दिले आणि त्यांनी डोंगरीला आग लावली, कारण जळाल्यावर कोवळी पालवी लवकर फुटते. पोरं आमच्याच गावची. दुसऱ्या दिवशी मी आणि आई वर गेलो. चारोळीच्या एका झाडाला मी हात लावला तर बुंधा अजून ऊन होता, कोवळी फळं काड्यांसकट करपलेली. आई काही बोलली नाही, तिने खाली पडलेला एक घोस उचलून ओटीत घेतला. त्या डोंगरीवरून आम्ही दरवर्षी पायली-दोन पायली चारोळी आणतो. त्या वर्षी मूठभर नाही. मोहाची रोपं गेली, ती मोठी व्हायला किती वर्षं लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

तोच माणूस यंदा पुन्हा आलाय, दुसऱ्याच्या नावाने, आगाऊ रक्कम घेऊन. गावातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, घ्या. काय करावं?

धानोऱ्याचा म्हातारा

पोरी, जोहार. आगाऊ रकमेला भुलू नको, आणि घाबरूनही जाऊ नको. तुझ्या हातात एक चीज आहे, तिचा उल्लेख तू केलाच नाहीस. वाहतूक परवान्याचं पुस्तक कुणाकडे आहे?

आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली १८०० हेक्टरांवर जंगलाचा हक्क मिळाला. पण हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण परवाना द्यायचा कुणी यावर अडलं होतं. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२ ला नियमच सुधारले, परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. तेंदूलाही तोच नियम.

म्हणजे तुमच्या सहीशिवाय गोणी हलत नाही. मागच्या वर्षी काय झालं ते मी इथे बसून सांगतो: परवाने कोरे सही करून मुंशीला देऊन टाकले असतील. बरोबर ना? आमच्याकडेही एका वर्षी असंच झालं होतं. तेव्हापासून रीत ठरली आहे. पहिला हप्ता कटाईच्या आधी, दुसरा निम्मा माल गोणीत भरल्यावर, शेवटचा शेवटच्या गाडीच्या आधी. पैसे बँकेत दिसले की त्या गाडीपुरता परवाना फाडायचा. पुस्तक पेटीत, पेटीची किल्ली दोन बायांकडे. कंत्राटदार कटकट करतो, पण देतो. पावसाच्या आत माल गोदामात नेण्याची घाई त्याला असते, आपल्याला नसते.

वैनगंगेपलीकडून

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, गोंडपिपरी तालुक्यातला. आमच्या बाजूच्या पाचगावने तेंदूपान तोडणं ठराव करून बंदच केलं. त्यांना २०१२ ला हजारभर हेक्टरांचा हक्क मिळाला. त्यांचं म्हणणं असं की पानासाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लागतात, आणि मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाहीत. टेंभरं माणूस खातो, पाखरं खातात, अस्वल खातं. ताईंना राग येईल म्हणून भीतभीतच लिहितोय, पण जंगल राखायचं तर हाच रस्ता आहे असं मला वाटतं.

कोरचीची लेक

दादा, राग नाही. पाचगावचं मी वाचलंय आणि त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यांच्याकडे बांबू होता. तेंदू सोडला तरी मजुरी गावातच मिळत राहिली. आमच्या जंगलात बांबू तुटपुंजा. तेंदू आज बंद केला तर जूनमध्ये आमची माणसं छत्तीसगडात नाहीतर तेलंगणात कामाला जातील, मिरची तोडायला जातात तशी. जंगल राखायला मग गावात राहणार कोण?

आजोबा, तुम्ही ओळखलंत. परवाने कोरेच दिले होते. सह्या माझ्याच समोर झाल्या.

हिशेबनीस, नागपूर

मी तीन-चार ग्रामसभांचे हिशेब पाहते. दोनच मुद्दे सांगते.

एकट्या गावाला जास्त भाव देणारा कंत्राटदार बहुतेक वेळा एकी मोडायला आलेला असतो. पुढच्या वर्षी तो त्याच गावाला कमी भावात गाठतो, कारण तोवर बाकीचे दूर गेलेले असतात. आणि तेंदूचा भाव पाण्यासारखा हलतो. २०१७ चा हंगाम आठवा, भाव किती चढले होते. त्याच वर्षी जुलैपासून पानावर १८ टक्के जीएसटी लागला, आणि २०१८ मध्ये कितीतरी गावांना गिऱ्हाईक मिळेना. चढ्या भावाच्या वर्षी रॉयल्टीतला थोडा हिस्सा ग्रामसभेच्या खात्यात बाजूला ठेवा. मंदीच्या वर्षी त्यातून मजुरी देता येते.

आगीचं. करारात वेगळी अनामत घ्या, फक्त आगीपोटी. हंगामाआधी डोंगरी जळाली तर अनामत जप्त. मुंशी मग स्वतः राखण करतो, हे मी पाहिलंय. पण ताई, सगळी आग कंत्राटदाराची नसते. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आपलीच माणसं पेटवतात आणि ती आग पुढे सरकते. पाला झाडून बाजूला ओढायचा, खाली जुन्या साड्या अंथरायच्या. एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

कोरचीची लेक

सोमवार. ग्रामसभा झाली, पाच तास चालली. सगळ्यांना कळवायचं म्हणून लिहितेय.

सौदा महाग्रामसभेबरोबर, एकत्र लिलावात. आगाऊ रक्कम घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणून कळवलं. यावर आवाज चढले. ज्यांच्या घरात लग्न आहे त्यांचा जीव त्या पैशात अडकला होता, आणि त्यांचं दुःख खोटं नव्हतं. शेवटी ग्रामसभेच्या खात्यातून तीन घरांना उसने द्यायचे ठरलं.

परवान्याचं पुस्तक पेटीत गेलं. आजोबांची रीत तशीच्या तशी ठरावात लिहिली. आगीची अनामतही लिहिली. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, मोह पडायच्या आत काढायची, घरटी एक माणूस, आणि मार्चभर रोज चार जणांची पाळी. मागच्या वर्षी ज्यांनी आग लावली त्यांतली दोन पोरं स्वतः उभी राहिली आणि पहिल्या आठवड्याची पाळी त्यांनी मागून घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी वहीत तोंड घातलं.

पाचगाववाल्या दादांचंही मी सभेत सांगितलं. बंदी कुणाला मान्य झाली नाही. पण चारोळीची ती डोंगरी तीन वर्षं पानासाठी बंद ठेवायची, तिथली टेंभरं आणि चारोळी फक्त खाण्यापुरती, हे बायांनी लावून धरलं आणि मंजूर करून घेतलं. पुरुषांतून विरोध झाला, कारण तिथलं पान मोठं आणि मऊ असतं.

तिसऱ्या हप्त्याचं काही झालं नाही. तहसीलला अर्ज देतेय, करार आणि गोणींची यादी जोडून. पोच मिळाली की इथे कळवीन.

बेलकटाई बुधवारपासून. आईने कालच विळ्याला धार लावून घेतली.