मदत हवी आहे: ओपन सोर्स (सगळ्यांना खुला कोड) प्रोजेक्टला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, दिलाय, कुणी बघतच नाही

सांगलीचा_पोरगा: तिसऱ्या वर्षाला आहे. प्लेसमेंट सुरू व्हायच्या आत एक तरी पॅच मर्ज झालेला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलेला पाहिजे. पीआर (पुल रिक्वेस्ट, बदल घ्या अशी विनंती) टाकून बसलोय, कुणी ढुंकूनही बघत नाही. काय करू? अर्जंट आहे.

मिरज_जंक्शन: कुठला प्रोजेक्ट? बदल काय केलास? पीआर कुठं टाकलास? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कराडकर: पुण्याला क्लास लाव. माझ्या भाच्याला फायदा झाला. राहायची सोय हवी असेल तर विचार.

सांगलीचा_पोरगा: क्लास नकोय काका. लिब्रेऑफिस आहे, ते फुकट ऑफिस सॉफ्टवेअर, सी प्लस प्लसमधलं. नको असलेले इन्क्लूड (दुसऱ्या फाइली जोडणाऱ्या ओळी) काढलेत. गिटहब या कोडच्या साइटवर टाकलंय.

वाईची_ताई: मग तिथंच अडलंय. त्यांचा गिटहबवरचा कोड म्हणजे नुसती नक्कल, पॅच तिथं घेत नाहीत. गेरिटवर, म्हणजे त्यांच्या पॅच तपासायच्या साइटवर, खातं काढ. कोडसोबत लॉगेरिट नावाची स्क्रिप्ट येते, तिच्यानं पॅच पाठव. शिवाय डेव्हलपरांच्या मेलिंग लिस्टवर लायसन्सचा मेल (माझा कोड तुमच्या लायसन्सखाली वापरा असा) टाकावा लागतो, तो विसरू नकोस.

मायमराठी: इन्क्लूड काढून काय मिळणार? वेबलेट या भाषांतराच्या साइटवर त्याचं मराठी भाषांतर कर. आपल्या शाळांतल्या पोरांना मेनू मराठीत दिसू देत.

मिरज_जंक्शन: त्याला कोडिंगची नोकरी पाहिजे हो! भाषांतर बघून कोण घेणार?

वाईची_ताई: भाषांतराला कमी लेखू नका, मी स्वतः करते. पण पोरानं विचारलंय पॅचचं.

साताराकर: गूगलच्या समर ऑफ कोडला, त्या ओपन सोर्सच्या कार्यक्रमाला, अर्ज कर की. २०२२ पासून विद्यार्थी असायचीही अट नाही, १८ पूर्ण पाहिजेत. पैसेही मिळतात.

मिरज_जंक्शन: ते पुढचं पुढं. बिल्ड करून, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवून, बघितलंस का?

सांगलीचा_पोरगा: एवढ्याशा बदलाला बिल्ड लागतं? ४ जीबी रॅम आहे, लॅपटॉप गळपटतो.

मिरज_जंक्शन: लागतंच रे! इन्क्लूड काढला की दुसरीकडं कुठंतरी फुटतं. कॉलेजच्या लॅबमध्ये रात्री लावून ठेव.

सांगलीचा_पोरगा: लॅबमध्ये बिल्ड झालं. मेल टाकला, गेरिटवरही पाठवलं. आता जेन्किन्सनं (पॅच आपोआप बिल्ड करून तपासणारं सॉफ्टवेअर) -१, म्हणजे नापास, दिलंय!! आता काय?

वाईची_ताई: कुठल्या प्लॅटफॉर्मवर फुटलं?

सांगलीचा_पोरगा: लिनक्स, मॅक पास. विंडोज फेल.

वाईची_ताई: लॉग उघड, पहिली एरर बघ. एखादा इन्क्लूड विंडोजलाच लागत असेल, तेवढा परत घाल. नवा कमिट (बदलाची नोंद) करू नकोस, आहे तोच अमेंड, म्हणजे दुरुस्त, कर. त्यातली चेंज-आयडीची (पॅचच्या ओळखीची) ओळ तशीच राहू दे, नाहीतर गेरिट त्याला वेगळा पॅच धरेल.