आधी चौक, मग भिंत
शाळेच्या भिंतीवर गावकऱ्यांकडूनच वारली चित्रं रंगवून घ्यावीत, अशी सूचना कुणीतरी केली आहे, ती आवडली. एक भर घालतो. वारल्यांकडे लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, हे एकट्यादुकट्याचं काम नसतंच. सवाशिणी तांदळाच्या पिठाने पालघाट या सुफलतेच्या देवीचा चौक लिहितात (हो, 'लिहितात'च म्हणतात), धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. १९७०च्या दशकात ही कला कागदावर आली, डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण या प्रवासात बायका मागे पडल्या, असं मला वाटतं. त्यामुळे आयत्या छाप्यात रंग भरण्यापुरते गावकरी नकोत. पाड्यावरच्या जाणत्या बायकांना बोलवा, मानधन द्या, भिंतीवर काय यायचं ते त्यांनाच ठरवू द्या. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं ते ठरावीक वर्तुळ काय, हल्ली चादरींवरही असतं!