मदत हवी आहे: यामाहा आर१५ व्ही३ बाइक रेस ट्रॅकसाठी तयार करायचीय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, माझी आर१५ व्ही३ आहे, इंजिन एकदम स्टॉक, आणि आता कोइंबतूरच्या कारी स्पीडवे या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) करायचाय. बजेट साधारण २५,००० आणि गाडी रोज ऑफिसलाही लागते, त्यामुळे फेअरिंग (बाहेरची प्लास्टिक बॉडी) बदलून पूर्ण ट्रॅकची करणं जमणार नाही.

इंजिनला हात लावायचा नाही हे माझं पक्कं आहे, १५५ सीसीत फुल सिस्टम एक्झॉस्ट (पूर्ण सायलेन्सर सेट) आणि ईसीयूवर (इंजिनचा कंप्युटर) पैसा ओतून काय दोन-तीन हॉर्सपॉवर वाढणार, त्यापेक्षा ब्रेक, टायर, सस्पेन्शन आधी. माझा खरा त्रास ब्रेकचा आहे. घाटात जोरात उतरताना थोड्या वेळाने पुढचा लिव्हर स्पंजी होतो, पार ग्रिपच्या जवळ येतो, आणि रिझर्व्हॉयरच्या काचेतून ब्रेक ऑइल चहासारखं काळपट दिसतंय. नवीन डॉट ४ ब्रेक ऑइल भरून नीट ब्लीड केलं (लाइनमधली हवा काढली) तर भागेल, की ब्रेडेड लाइन (स्टीलच्या जाळीचा ब्रेक पाइप) आणि सिंटर्ड पॅड (धातूच्या भुकटीचे ब्रेक पॅड) लगेच घ्यावेतच?

दुसरं म्हणजे माझं वजन ८२ किलो, पुढचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) ब्रेक मारला की खाली बसतो. फोर्कला ॲडजस्टमेंट नाहीच, मग नुसतं दाट फोर्क ऑइल टाकून फरक पडतो का, की स्प्रिंगच बदलावी लागते?

टायर १००/८० आणि १४०/७० याच साइजचे सॉफ्ट कंपाउंड घेणार आहे, मागे १५० टाकू नको असंच वाटतं, गाडी वळायला जड होते. रोज वापरून ट्रॅकवरही चालेल असा कोणता घेऊ?

आणि ट्रॅकसाठी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) काढून डिस्टिल्ड वॉटर भरलं तर ते ऑफिसला जाताना तसंच ठेवलेलं चालतं का? पुण्यात ही कामं नीट करणारा मेकॅनिक माहीत असेल तर तेही सांगा प्लीज.