वडगावच्या गल्लीत प्रॅम चालेल काय?

वडगावची_सून

नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्याची तारीख दिली आहे, पहिलंच बाळंतपण. पुण्याचा दादा मागे लागलाय, "प्रॅम मी घेणार, 15 हजारांपर्यंतची कुठलीही सांग." रोज एक फोटो पाठवतो. एकीला चहाचा कप ठेवायला जागा, एकीला मोबाईल ठेवायला. बाळ कुठं ठेवायचं ते विचारावंसं वाटतं.

आमचं बेळगावातलं घर जुनं. पुढच्या सोप्यात विणायचे दोन माग, त्यांच्यामधून आत यायची वाट. दारात तीन पायऱ्या, पायऱ्यांना लागून गटार, गटारावर फरशी, आणि ती फरशी हलते. सासूबाई म्हणतात, "पाळणा हाय, झोळी हाय, उचलून घ्यायला चार माणसं हायत, गाडी कशाला आणि?" खोटं नाही ते. पण माहेर खानापूरला, जाणं-येणं होणार. संध्याकाळी जरा बाहेर पडावंसं वाटणार. माझी कंबर तर आत्ताच धरली आहे.

कंपन्यांची नावं नकोत. तान्ह्या बाळासाठी घेताना नेमकं काय बघायचं तेवढं सांगा.

टिळकवाडीची_आई

आधी माझी फजिती ऐक. थोरलीच्या वेळी मी छत्रीसारखी मिटणारी, हलकी, गुलाबी ठिपक्यांची घेतली. दुकानदार म्हणाला, "एक दिवसाच्या बाळालाही चालते ओ वैनी." दीड महिन्याच्या इंजेक्शनला तिच्यातूनच निघाले. दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ थांबून वाकून बघते तर हनुवटी छातीला टेकलेली, मान एका बाजूला कलंडलेली आणि श्वासाबरोबर बारीक घरघर. तिथंच बाळ उचललं आणि रिकामी गाडी एका हातानं ढकलत दवाखान्यात गेले. डॉक्टर चांगल्याच रागावल्या. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कच्ची. अर्धवट बसतं केलं की डोकं पुढं पडतं आणि श्वासाची वाट अरुंद होते.

म्हणून पाठ सपाट पाहिजे, बाकी सगळं नंतर. मान साधारण चौथ्या महिन्याला धरते, आधाराशिवाय बसायला सहा महिने तरी लागतात. 'मागे झुकते' एवढ्या शब्दावर जाऊ नको, दुकानात स्वतः पाडून बघ, पूर्ण आडवी होते का. पेटीसारखी कॅरीकॉट येते ती सगळ्यात बरी, बाळ पाळण्यासारखंच झोपतं. मात्र ती बहुतेक 9 किलोपर्यंत, आणि त्याआधीच बाळ उठून बसायला लागलं तर लगेच बंद. पुढं त्याच सांगाड्यावर सीट लावता येते अशी घे. सीटला पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा: दोन खांद्यांचे, दोन कमरेचे, एक मांड्यांमधला. नुसता कमरेचा असेल तर बाळ खालून सरकतं.

आता तुझा हिशेब. जूनअखेर बाळ येणार. पुढचा सव्वा महिना शेक, धुरी, कुंची, टोपडं, आणि बाहेर आपला बेळगावचा पाऊस. गणपतीपर्यंत प्रॅम सोप्यात उभी राहून नुसती धूळ खाणार. दिवाळीला मान धरेल, संक्रांतीला बसेल. म्हणजे सपाट गाडीची खरी गरज गणपती ते संक्रांत. दादाला म्हणावं, घाई करू नको. आधी दाराची चौकट आतून मोज, मग दुकानात जा. कारच्या डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिथं किती जागा उरते तेही.

येळ्ळूरकर

आमच्याकडं प्रॅम रस्त्यावर काढली तर म्हशी बुजतील. वाकळंच्या झोळीत वाढलो, मान सरळ आहे.

उद्यमबाग_लेथवाला

येळ्ळूरकर, विषय तुमच्या मानेचा नाही.

मला बाळातलं काही कळत नाही. पण 22 वर्षं लेथवर काढली आहेत, चाक आणि बुश कळतं. नातीसाठी घेताना दुकानात गाडी पालथी घालून बघितली, दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला.

पहिलं चाक. टीचभर कडक प्लास्टिकचं चाक मॉलच्या फरशीसाठी. आपल्या खड्ड्यात ते रुततं, गाडी जागीच थांबते आणि ढकलणारा अंगानिशी पुढं जातो. मागची चाकं मोठी घ्या. हवेची मऊ चालतात, पण पंक्चर कोण काढत बसणार? आत फोम भरलेली बरी. पुढची फिरती चाकं लॉक होतात का बघा. खडबडीत रस्त्यावर लॉक केली नाहीत तर थडथडतात, आणि ते सगळं बाळाच्या डोक्यापर्यंत पोचतं.

ब्रेक एका दाबात मागची दोन्ही चाकं धरणारा. रिकामी गाडी कुठलीही थांबते, वजन घालून आणि उतारावर तपासा. उघडल्यावर सांगाडा 'खट्' करून बसला पाहिजे, आणि चुकून एक कळ दाबली गेली तरी मिटता कामा नये. बिजागरीत बोट घालून बघा, म्हणजे घालू नका, पेन घाला. 2009 मध्ये अमेरिकेत एका नावाजलेल्या कंपनीच्या सुमारे 10 लाख गाड्यांना बिजागरीवरची आवरणं द्यावी लागली होती, उघडमीट करताना मुलांच्या बोटांची टोकं त्यात तुटली म्हणून. घडी घालताना मूल हाताशी नको, एवढं तरी पाळा.

हँडलला भाजीची पिशवी लावू नका. बाळ उचललं की गाडी मागं उलटते. खालच्या जाळीत ठेवा, तिथं वजन खाली राहतं.

आणि ताई, तुमच्या घरी माग आहेत. दोरा! चाकाच्या आसाला सूत गुंडाळत जातं, वरून दिसत नाही, आणि एक दिवस चाक फिरायचं थांबतं. आठवड्याला चाक काढून कात्रीनं साफ करा. म्हणून चाक बटणानं निघणारं घ्या.

पायऱ्यांवर बाळासकट गाडी चढवू नका. अगदीच वेळ आली तर दोघांनी सांगाडा धरून उचलायची, पुढच्या आडव्या दांडीला धरून नाही, ती निसटते. रेल्वे गेटावर रूळ सरळ काटकोनात ओलांडा, तिरपं गेलात की पुढचं चाक फटीत जातं.

जाता जाता, ती छत्रीसारखी मिटणारी गाडी 1965 साली ज्यानं काढली तो ओवेन मॅक्लारेन विमानांचा इंजिनिअर. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यानं काम केलं होतं. गाडी वाईट नाही, फक्त बसत्या मुलासाठी आहे.

निपाणीची_सिस्टर

लेथवाले मामा, छान लिहिलंत. माझं थोडंच.

ऊन लागतं, दृष्ट लागते म्हणून दुपटं टाकून प्रॅम झाकतात. आत हवा कोंडते आणि बघता बघता गरम होतं. वरचा छत्रीचा भाग पुढं ओढा, तेवढं पुरे. पावसाचं प्लास्टिक पाऊस थांबला की काढायचं.

मोहरीची उशी, जास्तीची गादी, गुंडाळलेली शाल यातलं काही आत घालू नका. पेटीबरोबर येते तीच गादी. काळा दोरा, खुळखुळ्याची दोरी गळ्याजवळ लोंबती नको. झोपलं तर घरी आल्यावर पाळण्यात.

खानापूरचा रस्ता पंचवीसेक किलोमीटर. प्रॅमची पेटी मागच्या सीटवर ठेवली की झालं असं समजू नका, ती कारसाठी नसते. कारला मागं तोंड करून बसवायची वेगळी बेबी सीट लागते. बजेटमधले पैसे वाटून घ्यायचे झाले तर मी आधी त्या सीटला देईन. आणि सासूबाईंनी पुढं वॉकर आणायचं काढलं तर हात जोडा. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, पायऱ्यांवरून पडलेली मुलं बघूनच. तुमच्या दारात तर तीन पायऱ्या.

वडगावची_सून

मंडळी, उशिरा लिहिते आहे, माफ करा. मुलगी झाली. गणपती होऊन गेले, आता जरा हात मोकळा.

दादाला थांबवलं आणि आम्हीच दुकानात गेलो. घरातून बासमतीची पाच किलोची पिशवी नेली आणि प्रत्येक गाडीत ठेवून फिरवली. दोन गाड्यांचे ब्रेक पिशवीसकट उतारावर सरकले. दुकानदारानं विचारलं, "बाळ कुठं आहे?" मी तांदळाकडं बोट दाखवलं. एकीची पाठ सपाट व्हायची, पण मध्ये कापड झोळीसारखं खचायचं, ती सोडली. शेवटी कॅरीकॉटवाली घेतली, साडेनऊ हजार. उरलेल्यात दादानं कारची सीट पाठवली.

चौकट 25 इंच, गाडी साडेतेवीस. मोठ्या ऐटीत आत आणली आणि दोन मागांच्या मध्ये अडकली. तिथली वाट मोजायची कुणालाच सुचली नव्हती! आता सांगाडा दाराशीच असतो, पेटी तेवढी उचलून आत आणतो. फरशी मामंजींनी सिमेंट लावून पक्की केली. सकाळी व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर फिरवून आणतो, झाडाखाली पोरगी टक लावून पानं बघते.

लेथवाले काका, तुमचा दोरा खरा निघाला. महिन्याभरात डाव्या चाकातून जांभळं रेशीम निघालं, चांगलं हातभर.

काल दुपारी बाहेर आले तर सांगाड्यावर सुताच्या कांड्यांचं टोपलं. मामंजी म्हणाले, "रिकामीच हुती की." ब्रेक मात्र लावलेला होता.