परदेशी जाताना टायफॉईडची लस घेतलीत का? आपापले अनुभव सांगा

मंडळी, हा धागा काढायचं कारण माझंच आजारपण. गेल्या वर्षी पावसाळ्यात ऑफिसच्या कामासाठी सहा आठवडे काठमांडूला होते. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार कार्डावरसुद्धा जाता येतं, त्यामुळे परदेशी चाललोय असं मनातच आलं नाही, मग लस कुठून आठवणार. त्यात बारावीला असताना मला एकदा टायफॉईड होऊन गेलेला आणि घरात सगळ्यांचा ठाम समज, की एकदा झाला की परत होत नाही.

होतो. दादरला घरी परतून आठवडा झाला आणि ताप सुरू झाला, सकाळी 100, संध्याकाळी 102, दुसऱ्या दिवशी त्याच्या वर, असा पायरी-पायरीने चढत गेला. मुंबईत पावसाळ्यातला ताप म्हणजे आधी मलेरिया, मग डेंग्यू, मग लेप्टो, तशा सगळ्या टेस्ट झाल्या, सगळ्या निगेटिव्ह. विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी, पहिल्या आठवड्यात काही सांगेना. तोवर एका डॉक्टरांनी दोन दिवस अँटिबायोटिक देऊन टाकलेलं, आणि नंतरचे फिजिशियन म्हणाले की ब्लड कल्चर त्याच्या आधी पाठवायला हवं होतं, आता जंतू उगवतीलच असं नाही. नशिबाने उगवले. साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉईडचेच जंतू. मग चौदा दिवस शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक आणि दीड महिना घरी. आईनं त्या दिवसांत रोज पेज आणि मऊ भात भरवला, ते आठवलं की अजून भरून येतं. माझी आजी याला मुदतीचा ताप म्हणायची, त्यातला मुदत हा शब्द मला तेव्हा कळला.

मला वाटतं, ही लस विमानतळावरच्या कुठल्याच काउंटरवर विचारत नाहीत म्हणून ती यादीतून गळते. तुम्ही कुठे जाताना घेतलीत, किती दिवस आधी, कोणती, त्रास काय झाला, सगळं लिहा. लांबलं तरी चालेल.

ठाणेकर_ट्रेकर
ताई तुमचं काउंटरचं अगदी पटलं. आम्ही पाच जण किलिमांजारोला गेलो, टांझानिया. पिवळ्या तापाची लस सगळ्यांनी घेतली कारण ते पिवळं पुस्तक, म्हणजे लसीचा दाखला, नसेल तर परत येताना विमानतळावर अडकवतील अशी भीती होती, शिवाय ती दहा दिवस आधी घ्यावी लागते हे प्रत्येकाला पाठ. सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं, 2016 पासून. पण टायफॉईडचं कुणी बोललंच नाही, मी एकट्यानेच घेतली आणि तीसुद्धा बायकोनं मागे लागून लागून. परत आल्यावर एकाला झाला. त्याने झांझिबारला रस्त्यावर उसाचा रस प्यायला होता, बर्फ घातलेला, मीही त्याच गाडीवर प्यायलो होतो. लसीमुळे वाचलो असं छातीठोक सांगू शकत नाही, पण पुढच्या वेळी पाचही जणांना घ्यायला लावणार आहे.

पार्ल्याची आजी
माझा अनुभव उलट्या बाजूने आहे. लेक न्यू जर्सीला, दोन नातवंडं, दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात पार्ल्याला येतात. तिकडचे डॉक्टर विचारतात, भारतात कुठे जाणार, म्हटलं आजीकडे, तर म्हणे मग तर नक्की घ्या. मला आधी राग आला होता, आमच्या घरचं पाणी काय वाईट आहे का. पण लेकीनं समजावलं की तिकडे टायफॉईडचे जे पेशंट निघतात त्यातले बरेचसे असे आजी-आजोबांना भेटून परतलेलेच असतात, हॉटेलात राहणारे टुरिस्ट बाटलीचं पाणी पितात, आपली मुलं मामाकडे, काकूकडे, लग्नात सगळीकडे खातात आणि नको म्हणवत नाही.

मोठ्याला तिकडेच इंजेक्शन दिलं. धाकटी चौदा महिन्यांची, तिला देता आलं नाही कारण तिकडची लस दोन वर्षांच्या पुढच्यांनाच देतात. आपल्याकडे मात्र कॉन्जुगेट (प्रथिन जोडलेली, नव्या प्रकारची) लस सहा महिन्यांपासून देतात, हैदराबादच्या भारत बायोटेकची, म्हणून आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे आल्या-आल्या तिसऱ्या दिवशी टोचून घेतली. लगेच गुण येत नाही, दोनेक आठवडे लागतात, तोवर मी पाणी उकळून गार करून वेगळ्या तांब्यात ठेवायची आणि त्या तांब्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

कोपरखैरणे
इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. 2018 ला आमच्या नवी मुंबई महापालिकेनं ही कॉन्जुगेट लस मुलांना फुकट दिली होती, नऊ महिने ते चौदा वर्षं. सरकारी मोहिमेत ही लस देण्याची जगातली ती पहिलीच वेळ, पाकिस्ताननं सिंधमध्ये सुरू केली ती त्यानंतर, 2019 ला. आपल्याकडे हे कुणाला माहीतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची, रांगेत उभं राहून घेतली होती. आता ती फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकायला गेली. जायच्या आधी ते कार्ड सापडलं, लॅमिनेट करून ठेवलं होतं. डॉक्टरांनी तारीख बघितली, म्हणाले बरीच वर्षं झालीत, हॉस्टेलला राहणार आहे, एक डोस अजून देऊ. कार्ड जपा हो.

अंधेरी_लोकल
घेऊनही आजारी पडलो, तेही लिहितो. बांगलादेशात कापड गिरण्यांच्या कामाला वर्षातून चार-पाच वेळा जाणं असतं. लस तीन आठवडे आधी घेतली होती, तरी ढाक्याहून आल्यावर तोच ताप, तीच जड जीभ. कल्चर आलं पॅराटायफी ए. म्हणजे टायफीचा भाऊ, पण जंतू वेगळा, त्याच्यावर ही लस चालत नाही. आणि खुद्द टायफीवरसुद्धा शंभर टक्के नाही, ऐंशीच्या आसपास धरा. म्हणून लस घेतली की फुचका (तिकडची पाणीपुरी) खायला मोकळे असं नाही. मी मात्र लस घेणं सोडलेलं नाही, एक दरवाजा तरी बंद होतो.

परळ_व्हिलेज
लस केमिस्टकडून स्वतः आणणार असाल तर हे वाचा. आमच्याकडे असं झालं की दुकानदारानं फ्रीजमधून काढून साध्या पिशवीत दिली आणि मी ती मे महिन्यात परळहून मुलुंडला गाडीच्या गर्दीत नेली. डॉक्टरांनी हात लावून बघितली आणि टोचायला नकार दिला. 1,800 रुपये गेले, पण त्यांचं बरोबर होतं, ती 2 ते 8 डिग्रीतच राहायला हवी. दुसऱ्या खेपेला मी थेट बर्फात घालून न्यायला निघालो तर केमिस्टनेच थांबवलं, गोठली तरी बाद होते. शेवटी आइस पॅक, त्यावर जाड वर्तमानपत्राची घडी, मग लस, अशी थर्मासमधून नेली. त्यापेक्षा डॉक्टरांच्याच फ्रीजमधली घ्या.

आईचं सांगायचं राहिलं. ती 62 ची, नेपाळात मुक्तिनाथला निघालेली. तिला आमच्या डॉक्टरांनी दुसरी, साधी व्हीआय लस (कॉन्जुगेट नसलेली, जुन्या प्रकारची) दिली, तीन वर्षांनी परत घ्यावी लागेल म्हणाले. दंड एक दिवस दुखला, बाकी काही नाही.

जुना मस्कतवाला
मी 1976 साली मस्कतला नोकरीला गेलो तेव्हा टीएबीचं, म्हणजे टायफॉईड-पॅराटायफॉईडच्या जुन्या लसीचं इंजेक्शन होतं. दंड सुजून लाल व्हायचा, रात्रभर थंडी वाजून ताप. त्या भीतीनं पुढे चाळीस वर्षं मी लसीचं नाव काढलं नाही आणि मुलांनाही घेऊ दिली नाही, ती चूक होती. ती जुनी लस अख्ख्या मेलेल्या जंतूंची असायची, आताची जंतूच्या वरच्या आवरणापासून करतात. गेल्या मार्चमध्ये केनियाला मुलाकडे जाताना घेतली, कधी टोचली ते कळलंसुद्धा नाही.

लालबागकर
ताई, मी 22 तारखेला जकार्ताला निघतोय, तीन महिन्यांसाठी. आज 9. उशीर झाला का?

धागाकर्ती
नाही. तेरा दिवस हातात आहेत, दोन आठवड्यांना एकच कमी. आज संध्याकाळीच जा, उद्यावर टाकू नका. आधी फोन करून विचारा, सगळ्यांकडे ठेवलेली नसते. आणि पहिले काही दिवस तिकडे बर्फ आणि कापून ठेवलेली फळं टाळा.

लालबागकर
घेतली. दोन दवाखान्यांत नव्हती, तिसऱ्यात मिळाली. डावा दंड जड झालाय, ताप नाही. सोबत येणाऱ्या सहकाऱ्यालाही घेऊन गेलो होतो.