स्पोकॅन शॉकने २०१५ साली लीग सोडली, ती चूक होती का? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

नदीपलीकडे

माझं मत पहिल्याच ओळीत सांगते. आमच्या गावचा छताखालच्या अमेरिकन फुटबॉलचा संघ, शॉक, पैशांअभावी संपला असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. लीग सोडताना संघ आपलं नाव मागे ठेवून आला आणि तिथेच तो संपला.

आम्ही २००८ पासून स्पोकॅनमध्ये राहतो. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, सिॲटलपासून साडेचारशे किलोमीटरवर, दोन लाख वस्तीचं हे गाव. मोठ्या लीगचा एकही संघ इथे नाही. होता तो शॉक. अमेरिकन फुटबॉलच, पण छताखाली, आइस हॉकीच्या रिंगणाएवढ्या जागेत. मैदान शंभरऐवजी ५० यार्डांचं, एका बाजूला ११ ऐवजी ८ खेळाडू, कडेला गाद्या बांधलेल्या भिंती, गोलखांबांच्या दोन्ही अंगांना जाळ्या. जाळीवर आपटून परत आलेला चेंडू झेलता येतो. आणि प्रेक्षकांत गेलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याने घरी न्यायचा. माझ्या मुलाचं अर्धं बालपण तो चेंडू आपल्याकडे येईल या आशेवर गेलं.

संघ २००६ साली धाकट्या 'अरीना फुटबॉल टू' लीगमध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. २००९ साली पुन्हा. त्याच वर्षी थोरल्या अरीना फुटबॉल लीगचा हंगाम रद्द होऊन तिचं दिवाळं निघालं. मग दोन्ही लीगमधले मालक एकत्र आले, ६१ लाख डॉलरना तिची मालमत्ता विकत घेतली आणि २०१० पासून नव्याने डाव मांडला. शॉक वरच्या लीगमध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी टॅम्पा बेला ६९-५७ हरवून अरीनाबोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तोही आमच्या गावात. गणपतीला जमणारी आम्ही चार मराठी घरं त्या रात्री एका रांगेत बसलो होतो. शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी मला मिठी मारली. या गावात मला परकं न वाटल्याची ती पहिली रात्र.

२०१५ चा हंगाम संपल्यावर मालकांनी खर्चाच्या कारणाने ही लीग सोडली आणि संघ इनडोअर फुटबॉल लीगमध्ये नेला. नाव आणि चिन्ह जुन्या लीगच्या ताब्यात, म्हणून संघाचं नाव झालं 'एम्पायर'. नवा संघ खेळात कुठेही कमी नव्हता. २०१६ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथे सू फॉल्सकडून हरला. आणि २०१७ च्या उन्हाळ्यात बंद झाला.

तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणाने लिहा.

ताळेबंद

ताई, तुमच्या भावना समजल्या, पण पूर्ण असहमत. मी फीनिक्सला राहतो, इथल्या ॲरिझोना रॅटलर्स संघाचे सामने नियमित बघतो, त्यामुळे ही लीग बुडताना जवळून पाहिली आहे.

त्या २०१५ च्या वर्षात काय चाललं होतं ते बघा. न्यू ऑर्लिन्स आणि लास वेगास हे संघ ऑगस्टमध्येच बंद पडले. सॅन होझेने १८ पैकी १७ साखळी सामने जिंकले, वर अरीनाबोलही जिंकला, आणि त्यानंतर गाशा गुंडाळला. विजेता संघ! १२ संघांची लीग २०१६ मध्ये ८ वर आली, २०१७ मध्ये ५ वर. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज, तोही धंदा कायमचा गुंडाळण्याचा. अशा घरात स्पोकॅनने नाव राखायला म्हणून बसून राहायचं होतं का?

या खेळात टीव्हीचा पैसा जवळजवळ नाही. हंगामात घरचे आठ-नऊ सामने, त्यांची तिकिटं आणि गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती एवढीच मिळकत. खर्च मात्र मोठ्या संघांसारखा: अरीनाचं (बंदिस्त स्टेडियमचं) भाडं, विमान, हॉटेल आणि सगळ्यात जड म्हणजे खेळाडूंच्या दुखापतींचा विमा. दर सामन्यात हाडं मोडतात अशा खेळाचा विमा कोण स्वस्तात देईल? लीग शेवटी बुडाली तेव्हा अंगावर जुन्या विमा कंपनीचा दावाच होता. त्यात स्पोकॅनहून ऑरलँडोला किंवा फिलाडेल्फियाला सगळा ताफा विमानाने न्यायचा. इनडोअर लीगमध्ये निदान ट्राय-सिटीज फीव्हर हा संघ सव्वादोनशे किलोमीटरवर होता. सकाळी बसने निघा, रात्री परत या.

मालकांनी वेळेवर उडी मारली. मी असतो तर एक वर्ष आधी मारली असती. आयोवाच्या संघाने तसंच केलं.

नदीपलीकडे

ताळेबंद, आकडे मान्य. आता तुमच्याच दोन उदाहरणांकडे बघा. आयोवा २०१४ नंतर बाहेर पडला, नाव 'बार्नस्टॉर्मर्स'च राहिलं. हा कर्ट वॉर्नर या खेळाडूचा जुना संघ; वॉर्नर इथून पुढे जाऊन एनएफएल या सर्वात मोठ्या लीगच्या अंतिम सामन्याचा, म्हणजे सुपर बोलचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. तुमचा ॲरिझोना २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर पडला आणि १९९२ पासूनचं 'रॅटलर्स' हे नाव घेऊनच पडला. पुढच्याच वर्षी नव्या लीगचा विजेता झाला आणि आजही खेळतो आहे. लीग सोडायलाच नको होती असं माझं म्हणणं नाही, धाग्याच्या नावामुळे तसा समज झाला असेल. नाव सोडवून घेतल्याशिवाय सोडायला नको होती. त्यासाठी एक हंगाम आणखी तोटा सोसावा लागला असता तरी.

रंकाळ्याचा_वारा

नदीपलीकडे ताईंना पूर्ण पाठिंबा. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी मंडळ हे (आपल्या नेहमीच्या) फुटबॉलचे संघ पिढ्यान्‌पिढ्या शाहू स्टेडियमवर खेळत आले आहेत. पाटाकडीलचं नाव कुणी विकत घेतो म्हणाला तर विकणार कोण? नाव पेठेचं, तालमीचं. प्रायोजक येतात-जातात, शर्टावरची जाहिरात दरवर्षी बदलते, पण आजोबा, वडील आणि मी एकाच संघासाठी घसा बसवला आहे. संघ कंपनीच्या कागदावर असतो तोवर तो लोकांचा नसतोच.

जुना_कूपरेज

रंकाळ्याशी सहमत, आणि मुंबईकर म्हणून जखमेवर बोट ठेवतो. महिंद्रा युनायटेड या मुंबईच्या फुटबॉल संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, फेडरेशन कप दोनदा जिंकला होता. २०१० साली कंपनीने ठरवलं आणि संघ बंद. कूपरेज मैदानावर येणाऱ्या आम्हा लोकांना कुणी विचारलं नाही. पुण्याचं तेच. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ इंडियन सुपर लीग (आयएसएल) खेळला, पैशांची ओढाताण झाली, आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला त्याचे सामने बघायला जाणारी माझी भाची पंधरा वर्षांची होती. ती त्यानंतर कुठल्याच भारतीय संघाच्या मागे लागली नाही.

ताळेबंद

रंकाळा, तुमच्या तालमींबद्दल आदर आहे, पण तुलना जमत नाही. कोल्हापुरात दोन्ही संघ गावातलेच, सामना चालत जाऊन बघता येतो, सगळे सामने एका मैदानावर. तुमच्या पाटाकडीलला दर पंधरा दिवसांनी दीड-दोन हजार किलोमीटरवर खेळायला पाठवा आणि मग पेठेतल्या वर्गणीचा हिशोब मांडा.

अमेरिकेत लोकांच्या मालकीचा संघ म्हटला की ग्रीन बे पॅकर्सचं नाव येतं. आज पाच लाखांहून जास्त भागधारक, आणि ही पद्धत १९२३ पासूनची. पण त्यांना एनएफएलच्या टीव्ही करारातला वाटा मिळतो आणि त्यावर तो डोलारा उभा आहे. शॉकला तसं काहीच नव्हतं. आणि स्वतः एनएफएल आता अशी मालकी दुसऱ्या कुणाला देत नाही.

उकडीचा_मोदक

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओहायोत. अशा छोट्या संघांचे खेळाडू उपचाराला येतात, म्हणून मध्ये बोलते. इतका वेळ नावावर चर्चा चालली आहे आणि ज्यांची शरीरं पणाला लागतात त्यांचा अजून विषय नाही.

धाकट्या लीगमध्ये एका सामन्याचे २०० डॉलर मिळत, जिंकल्यास वर ५०. २०१० साली थोरल्या लीगमध्ये ४०० च्या आसपास. २०१२ च्या मार्चमध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्याआधी खेळाडूंनी संपाचा निर्णय घेतला, तेव्हा पिट्सबर्ग संघाच्या मालकांनी आपल्या खेळाडूंना ऑरलँडोच्या एका रेस्टॉरंटमध्ये, जेवायला बसलेले असताना कामावरून काढलं. त्या लीगमधून बाहेर पडणं खेळाडूंसाठी चांगलं झालं की वाईट, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इनडोअर लीगमध्ये मानधन आणखी कमी. म्हणजे मालकाची बचत झाली ती बऱ्याच अंशी खेळाडूंच्या खिशातून. याला "वेळेवर मारलेली उडी" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नदीपलीकडे

मोदक, हा मुद्दा माझ्या लिखाणात यायला हवा होता. आमच्या शेजारच्या जिममध्ये एक खेळाडू सकाळी पाचला ट्रेनर म्हणून उभा असायचा आणि शनिवारी रात्री तोच भिंतीवर आदळताना दिसायचा. तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. त्याला पाचला का उठावं लागतं हे मी कधी विचारलं नाही.

ताळेबंद

मोदक, मानधन कमी होणं वाईटच, ते मी नाकारत नाही. पण सॅन होझेच्या खेळाडूंना पुढच्या वर्षी त्या संघाकडून शून्य मिळालं. बंद संघ कुणालाच पगार देत नाही.

आता ताईंच्या मूळ मुद्द्यावर. नाव हाच जीव असेल तर नाव परत आल्यावर संघ जगायला हवा होता. तसं झालं का? २०१९ मध्ये नवे मालक आले, 'शॉक' हे नाव परत मिळवलं, त्याच इनडोअर लीगमध्ये प्रवेश घेतला. २०२० चा हंगाम करोनात गेला, २०२१ चा खेळले. २०२२ च्या फेब्रुवारीत लीगने त्यांचं सदस्यत्वच रद्द केलं, कारण अरीनाने मागितलेली हमीची रक्कम मालकांना भरता आली नाही. नाव होतं, रंग होता, जागा तीच होती. पैसा नव्हता.

रंकाळ्याचा_वारा

त्या अरीनाने थोडं सांभाळून घेतलं असतं तर? एवढा जुना संघ, गावाला जिंकून दिलेला.

ताळेबंद

अरीना सार्वजनिक आहे, करदात्यांच्या पैशांतून उभं राहिलेलं. हमी मागितली नसती आणि संघ मधेच पळाला असता तर तिकिटांचे पैसे बुडाले असते कुणाचे? तुमच्या-आमच्यासारख्यांचेच. मला त्यात अरीनाची काहीच चूक दिसत नाही.

नदीपलीकडे

अरीनाची चूक नाही, इथे आपलं एकमत आहे. पण २०१९ ला परत आलेलं नाव आणि २०१५ ला सोडलेलं नाव यांत चार वर्षांचं अंतर होतं, हे तुम्ही हिशोबात धरत नाही. चार वर्षांत गावाची सवय मोडते. शनिवारची संध्याकाळ हॉकीकडे गेली, मुलं कॉलेजला गेली, आमच्या रांगेतलं एक घर टेक्सासला गेलं. ट्राय-सिटीजचा संघही २०१६ नंतर राहिला नाही, म्हणजे तुम्ही सांगितलेला बसचा प्रवास एकाच हंगामापुरता. नाव परत आलं तेव्हा ते ओळखणारी माणसं जागेवर नव्हती.

ताळेबंद

एक प्रश्न विचारू का? राग मानू नका. एम्पायरच्या किती सामन्यांना तुम्ही गेलात?

नदीपलीकडे

राग कसला. दोन. दोन्ही २०१६ मधले. दुसऱ्या वर्षी एकही नाही.

ताळेबंद

मग ताई, संघ तुम्ही सोडलात. अरीना २०१५ इतकंच जवळ होतं, खेळ जवळपास तोच, संघ अंतिम सामन्यापर्यंत गेलेला. तुमच्यासारखी दोन-तीन हजार माणसं येत राहिली असती तर २०१७ ची वेळ आली नसती.

नदीपलीकडे

खरं आहे. मी स्वतःलाही हे विचारलं आहे. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी बारा वर्षांचा मुलगा शॉकचा जुना नारिंगी शर्ट घालून निघाला. अरीनात पोचल्यावर त्याने आजूबाजूला बघितलं आणि जाकीट काढलंच नाही, शेवटपर्यंत. चेंडू आमच्या रांगेत आला, समोरच्या माणसाने घेतला, आणि हा उठलासुद्धा नाही. पुढच्या सामन्याची तिकिटं काढू का विचारलं तर म्हणाला, "आपला संघ खेळेल तेव्हा काढ."

ताळेबंद

वाचलं. पैशांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण रॅटलर्सनी नाव बदललं असतं तर मी गेलो असतो का, हे मी आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. विचार करून लिहितो.